आजोळची बंदूक कुठे गेली?

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास भाच्याचा फोन आला. हा अमेरिकेत, टेक्सास राज्यात डॅलसजवळ राहतो. माझ्या गुडघ्याची चौकशी झाली, पुंडलिकनगरला पाणी किती दिवसांनी येतंय हे विचारून झालं (हा प्रश्न तो दर वेळी विचारतो आणि दर वेळी हसतो), आणि मग जरा घुटमळत म्हणाला, "मामा, एक सांगायचंय, पण आईला सांगू नका. मी बंदूक घेतली."

नंतर त्यानेच ताईला सांगून टाकलं आणि ताईने मला अर्धा तास ऐकवलं, त्यामुळे आता इथे लिहायला हरकत नाही.

मी विचारलं, एवढी कसली भीती वाटायला लागली रे बाबा? तर म्हणाला, भीती अशी नाही, पण मागच्या रस्त्यावर एक घर फुटलं, आणि इथे घेता येते म्हणून घेतली. नोकरीच्या व्हिसावर होता तोवर त्याला ती घेता येत नव्हती म्हणे. तिथला केंद्राचा कायदा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, बंदूक विकू देत नाही. ग्रीन कार्ड मिळालं आणि वाट मोकळी झाली. दुकानात एक फॉर्म भरायचा, दुकानदार सरकारी यंत्रणेकडे तुमचं नाव तपासून घेतो, आणि काही आक्षेप नसेल तर बंदूक घेऊन घरी. हे नाव तपासणं १९९८ पासून सुरू आहे. टेक्सासात २०२१ पासून तर कायद्यात बसणाऱ्या प्रौढ माणसाला पिस्तूल कमरेला लावून फिरायलाही वेगळा परवाना लागत नाही!

मी गप्पच होतो. मग तोच म्हणाला, "मामा, आजोळी बंदूक होती ना? मला अंधुक आठवतं, ओसरीवर खुंटीला टांगलेली असायची. तिचं काय झालं?"

"सरकारजमा झाली," एवढंच बोललो आणि विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर झोप लागेना. त्या बंदुकीचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो. भाचा हे पान वाचतो, बाकी नातेवाईकही वाचतात.

आमचं गाव कन्नड तालुक्यात, डोंगराच्या कडेला. शेत संपलं की रान सुरू. बंदूक आजोबांची, ठासणीची. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंध्यांचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. मागे टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत रानडुक्कर शेजारच्या शिवारात पोहोचलेलं असे. आजोबा शाळूच्या दिवसांत माळ्यावर झोपायचे आणि रात्रीतून एखादा बार हवेत काढायचे. त्यांनी तिने काही मारलं असेल असं मला वाटत नाही. पण गावात "बंदूकवाल्यांचं घर" हे नाव आम्हाला पडलं ते पडलंच. माझ्या लग्नाच्या बोलणीत सुद्धा सासऱ्यांनी आधी बंदुकीचीच चौकशी केली होती!

आजोबांनंतर परवाना वडिलांच्या नावावर झाला. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची असे. वडील तिला जुन्या धोतरात गुंडाळून सायकलच्या दांडीला बांधून न्यायचे आणि निकालानंतर परत आणायचे. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा... बंदुकीने जितक्या निवडणुका पाहिल्या तितक्या आम्ही पाहिल्या नसतील. (सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करून घेण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात बोट ठेवलं. कोणाची जमा करायची हे समितीने माणसागणिक ठरवावं, असा मार्ग त्यातून निघाला. वडील तेव्हा नव्हते, नाहीतर सायकलच्या त्या सगळ्या खेपा त्यांनी मोजून दाखवल्या असत्या.)

वडील १९९४ मध्ये गेले. दिवस झाल्यावर बंदूक नियमाप्रमाणे ठाण्यात जमा केली, पावती घेतली, आणि शेती बघणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या नावाने नव्या परवान्याचा अर्ज केला. अर्ज अर्थातच मी लिहिला. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती! कारण पीकसंरक्षण. आठ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की अर्जदारास शस्त्राची गरज दिसून येत नाही.

आता मी पडलो इतिहासाचा शिक्षक. मी कायद्याचं पुस्तक पैदा केलं. १९५९ चा शस्त्र अधिनियम, म्हणजे आपण ज्याला हत्यारांचा कायदा म्हणतो तो. त्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेखच आहे. बाकीच्या बहुतेक हत्यारांना 'सबळ कारण' दाखवावं लागतं, या गरीब बंदुकीला पीक वाचवायचं आहे एवढं पटवलं की पुरे. कलम १४ मध्ये नाकारायची कारणं दिली आहेत. अर्जदार वेडा असेल, सार्वजनिक शांततेला धोका असेल, वगैरे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नाकारता येत नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. आणि कारणं लेखी नोंदवायची असतात. मी हे सगळं अपिलात लिहिलं. अपील फेटाळलं गेलं.

कचेरीतून निघताना मी तिथल्या साहेबांना जरा चढ्या आवाजात म्हणालो, "आमच्या तीन पिढ्यांचा हक्क आहे हा." ते वयाने माझ्यापेक्षा लहान होते. शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हा हक्क नाही. ही परवानगी आहे."

हे वाक्य मला फार लागलं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी या वाक्याचं मूळ शोधत बसलो. ते असं कुठल्या कारकुनाच्या मेजावर जन्मलेलं नाही.

सुरुवात इंग्रजांपासून करावी लागते. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला. त्यावर त्यांनी टिपा लिहिल्या आहेत, त्यात आत्मसंरक्षणाबद्दल एक मोठा मजेशीर विचार आहे. इथले लोक दरोडेखोरांचा जुलूम निमूटपणे सोसतात, तेव्हा त्यांच्या बचावाच्या हक्कावर बंधनं वाढवत बसण्यापेक्षा त्यांच्यात जरा मर्दानीपणा जागवायला हवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून १८६० च्या दंडसंहितेत कलम ९६ ते १०६ अशी चांगली ऐसपैस तरतूद आली. आपल्या शरीराचं, दुसऱ्याच्या शरीराचं, मालमत्तेचं रक्षण करण्याचा हक्क. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची भीती असेल, बलात्काराचा हल्ला असेल, रात्री घर फोडलं जात असेल, तर समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा नाही.

हे झालं १८६० मध्ये. आणि अठरा वर्षांनी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनने हत्यारांचा कायदा आणला. बंदूकच काय, तलवार आणि भालासुद्धा परवान्याशिवाय बाळगायचा नाही. यातून युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना सूट! म्हणजे स्वतःचा बचाव कर म्हणून सांगायचं आणि कशाने करायचा ते काढून घ्यायचं. १८५७ चा धसका होता तो, दुसरं काय. त्याच वर्षी याच लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही केला. वर्तमानपत्रांचा कायदा रिपनच्या कारकिर्दीत चार वर्षांच्या आत गेला. हत्यारांच्या कायद्याने मात्र इंग्रजांचं राज्य ओलांडलं आणि पुढची पंधराएक वर्षंही काढली.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. गांधीजींसारख्या अहिंसेच्या माणसानेही इंग्रजांच्या दुष्कृत्यांत या कायद्याला सर्वांत काळं ठरवलं, ते त्यांच्या आत्मकथेत आहे. मी शिकवत असताना मुलांना हे सांगितलं की मुलं चक्रावून जायची. पण त्यांचा मुद्दा बंदुकीचा नव्हता. गोऱ्याला विश्वासाने दिलं जातं ते काळ्याला नाकारलं जातं, हा अपमान होता. माणूस गुन्हेगार आहे म्हणून नाही, तर तो प्रजा आहे म्हणून त्याला नि:शस्त्र करायचं.

आणि कायद्याने थांबलं कोण? इथे आमच्या गावाचा, म्हणजे औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर) संबंध येतो. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी ज्याने गोळ्या घातल्या, तो अनंत कान्हेरे औरंगाबादेत राहणारा, इथे शिकलेला पोरगा. वय अठराच्या आत-बाहेर. त्याच्या हातातलं ब्राउनिंग पिस्तूल आलं कुठून? सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं इंडिया हाउसमधल्या चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याबरोबर पाठवली होती, चोरकप्प्याच्या पेटीतून. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्या हत्येचं बरं-वाईट हा आजचा विषय नाही. मला एवढंच दिसतं की कायदा तीस वर्षं जुना झालेला असताना डुकरं हाकणारा शेतकरी परवान्यासाठी खेटे घालत होता आणि वीस पिस्तुलं बंदरातून आत आली होती.

आमचा भाग तेव्हा इंग्रजांकडे नव्हता, निजामाकडे होता. घाट उतरून चाळीसगावला गेलं की इंग्रजी मुलूख, वर आलं की निजामाचा. त्यामुळे आमच्या घरच्या बंदुकीची खरी कसोटी लागली ती १९४७-४८ मध्ये.

रझाकारांबद्दल मराठवाड्यातल्या घरात सांगावं लागत नाही, पण भाच्यासाठी सांगतो. निजामाला हिंदुस्थानात सामील व्हायचं नव्हतं. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या हाताखाली रझाकारांची फौज उभी राहिली. बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे २९ ऑक्टोबर १९४६ रोजीच मारले गेले होते. पुढे गावोगाव लूटमार, जाळपोळ. सरहद्दीवर स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले, तिथून तरुण मुलं सशस्त्र प्रतिकार करू लागली. निजामाच्या बाजूने हत्यारं कशी येत होती? सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री लँकेस्ट्रियन विमानं भरून बीदर, वरंगळकडे आणत होता! कायदा पुन्हा एकदा आमच्या आजोबांपुरता.

आजीच्या तोंडून ऐकलेलं असं की, १९४८ च्या उन्हाळ्यात चार बंदूकधारी गावात आले, बंदूकवाल्यांचं घर विचारत विचारत थेट आमच्या ओसरीवर. "जमा करायची आहे." पावती नाही की काही नाही. आजोबांनी खुंटीवरून काढून दिली. आजी म्हणायची, "बंदुकीनं घर राखलं नाही, बंदुकीनं घर दाखवलं." तिसऱ्या रात्री सगळं कुटुंब घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला नातेवाइकांकडे गेलं. वडील तेव्हा विशीत होते, कडेवर धाकटी बहीण.

१३ सप्टेंबरला भारताचं सैन्य आत आलं. पोलीस ॲक्शन. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो. माझ्या नोकरीत मी पस्तीसेक वेळा त्या दिवशी भाषण केलं असेल. भाषण १७ सप्टेंबरला संपत असे. १८ सप्टेंबरला काय झालं हे मी कधी सांगितलं नाही, कारण मलाच नीट माहीत नव्हतं.

आमची बंदूक परत मिळाली, दिवाळीच्या आधी. गावात दुसरी एक ठासणीची होती, ती मुलाण्याकडे. ती पोलीस ॲक्शननंतर सैन्याच्या माणसांनी जमा करून घेतली, ती परत आली नाही. आणि मुलाण्याचं घर त्या दिवाळीनंतर बंद दिसायचं. कुठे गेले, असं मी लहानपणी आजीला विचारलं की ती चुलीकडे तोंड फिरवायची.

नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार वगैरेंना हैदराबाद संस्थानात पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ एवढे दिवस ते फिरले. त्यांचा अहवाल कितीतरी वर्षं दाबलेला होता, २०१३ च्या सुमारास लोकांच्या हाती आला. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा त्यांचा अंदाज आहे, बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. सैन्याने कित्येक ठिकाणी मुसलमानांना वाचवलं, हेही त्यात आहे, आणि हे सगळं रझाकारांच्या जुलमाच्या सुडातून पेटलं असंही. पण एक गोष्ट वाचून मी चष्मा काढून ठेवला. गावातल्या मुसलमानांची हत्यारं काढून घेण्यात आली आणि हिंदूंकडची बऱ्याच ठिकाणी तशीच राहू दिली गेली, असं तो अहवाल सांगतो. म्हणजे आमच्या दोन घरांची गोष्ट. माझ्या आजोबांनी काही केलं असं मी म्हणत नाही, मला तसं कधीच कोणी सांगितलं नाही. पण आमची बंदूक खुंटीवर परत आली हा आमच्या घरातला अभिमानाचा प्रसंग होता. त्याची दुसरी बाजू मला सत्तरीत कळली.

आणि आता तारखा बघा. ही मंडळी इकडे मराठवाड्यात फिरत असताना, त्याच आठवड्यात, १ आणि २ डिसेंबर १९४८ ला दिल्लीत घटना समितीत हत्यारांचीच चर्चा चालली होती! मूलभूत स्वातंत्र्यांचं कलम (आज ज्याला आपण कलम १९ म्हणतो) चर्चेला होतं. मध्य प्रांत-वऱ्हाडकडून निवडून गेलेले हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की भाषण, सभा, संघटना यांच्या जोडीला शस्त्र बाळगण्याचा हक्कही घाला, वाजवी बंधनांसह. त्यांच्या हातात हुकमाचं पान होतं, ते म्हणजे काँग्रेसच्याच १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत हा हक्क होता. इतकी वर्षं मागितलं आणि आता स्वतःच्या हाताने देता येतं तर का देत नाही, हा सरळ सवाल.

उत्तर द्यायला उठले बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी आधी मान्यच करून टाकलं की काँग्रेसने ही मागणी केली होती, तो इतिहास आहे. पण तेव्हाची परिस्थिती आता नाही. कामत मध्येच म्हणाले की हा मोठा सोयीचा युक्तिवाद आहे. बाबासाहेब थांबले नाहीत. इंग्रजांनी हत्यारं नाकारली ती शांततेसाठी नव्हे, तर गुलाम प्रजेने परक्या सरकारावर उठू नये म्हणून. ते कारण आता संपलं. उद्या जो तो बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं? आणि पुढचं तर फार विचार करायला लावणारं आहे. शस्त्र हा हक्क म्हणून मागू नका, ते कर्तव्य म्हणा. देशावर संकट आलं तर राज्याने कोणाही नागरिकाला शस्त्र उचलायला सांगावं. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली.

ज्या माणसाने पुढे दीडच वर्षांत आमच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, त्याला गावगाड्यात हत्यार कोणाच्या हाती असतं आणि कोणाच्या नसतं हे सांगायला कोणी लागणार होतं का? पाटलाकडे असतं, देशमुखाकडे असतं. हक्क सगळ्यांना दिला तरी बंदूक विकत घ्यायला पैसा लागतो. हे शेवटचं मात्र बाबासाहेबांचं नाही, माझं आहे, त्यांच्या नावावर खपवू नका.

तर साहेबांच्या त्या वाक्याचं मूळ हे. १९५९ चा कायदा याच पायावर झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. गोरा-काळा भेद गेला, मालमत्तेची अट गेली, अपील आलं, पण चावी सरकारकडेच राहिली. नंतर पकड घट्टच होत गेली. एका माणसाला जास्तीत जास्त तीन हत्यारं चालत, ती २०१९ मध्ये दोनवर आणली, आणि लग्नात हौसेने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड झाला. (ही एक दुरुस्ती मला मनापासून आवडली.) कर्नाटकातल्या कोडगू लोकांना इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. ती २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बोलून दाखवलं की अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही. अमेरिकेत तो १७९१ पासून घटनेत आहे, आणि तो एकेकट्या माणसाचा हक्क आहे असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते २००८ मध्ये.

आता धाकट्याची परवानगी घेऊन एक गोष्ट लिहितो. ती गेली पंचवीसेक वर्षं आमच्यात कोणी बोलत नाही.

१९९७ च्या उन्हाळ्यात आमचा आणि चुलत्यांचा बांधावरून वाद पेटला. दीड हात जमीन! मी सुट्टीत गावी होतो. अंधार पडल्यावर धाकटा धावत घरात आला, डोळे लाल, शर्ट फाटलेला, कपाळातून रक्त. ओसरीवर चढला आणि त्याचा हात वर खुंटीकडे गेला. सवयीने. मी दारातच उभा होतो, मी पाहिलं. बंदूक तीन वर्षं ठाण्यात होती हे तो विसरला होता. हात तसाच क्षणभर वर राहिला. मग त्याने काठी उचलली. पुढे चुलतभावाचा हात मोडला, केस झाली, चार वर्षं तारखा झाल्या, शेवटी तडजोड झाली. आज तोच चुलतभाऊ आमच्याकडच्या प्रत्येक कार्यात पंगतीला वाढायला असतो.

ज्या अपिलासाठी मी साहेबांवर चढा आवाज लावला होता, ते मंजूर झालं असतं तर? डुकरांवर भरलेली ती बंदूक उन्हाळ्यातही भरलेलीच असायची.

मग बंदूक सोडवायला आम्ही कोणी गेलोच नाही. पुढे अर्ज नाही, पाठपुरावा नाही. काही वर्षांनी ती सरकारजमा झाल्याचं कळलं. तर बाळा, हे तुझं उत्तर.

भाच्याने फोनवर असंही विचारलं होतं की, मामा, तुमच्याकडे रात्री कोणी घरात घुसलं तर तुम्ही काय करायचं, नुसतं बघत बसायचं? तर तसं नाही. दंडसंहिता गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण आत्मसंरक्षणाची कलमं जवळजवळ तशीच उतरली आहेत, कलम ३४ ते ४४. हातात परवान्याची बंदूक असो की वरवंटा, हक्क तोच. दोन लगामही तेच आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर कायदा हातात घ्यायचा नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पंजाबच्या दर्शन सिंग प्रकरणात सांगितलंय की अचानक हल्ला झालेल्या माणसाने सोन्याच्या तराजूत तोलून प्रतिकार करावा अशी अपेक्षा करता येणार नाही, आणि त्याने पळच काढला पाहिजे असंही नाही. त्या प्रकरणात बाप वाचवायला मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली होती, वाद जमिनीचाच होता, आणि तो सुटला. हे वाचलं तेव्हा मला आमची ओसरी आठवली. आमचा धाकटाही कदाचित सुटला असता. पण चुलतभाऊ पंगतीला वाढायला नसता.

ताईचं म्हणणं आहे की मी पोराला बंदूक परत करायला सांगावं. मी तसं सांगणार नाही. त्याचा देश वेगळा, कायदा वेगळा, आणि तो पंचेचाळीस वर्षांचा बाप्या आहे. मी त्याला दोनच प्रश्न विचारले आहेत. ती कुठे ठेवतोस, आणि ती जागा पोरींना माहीत आहे का? पहिल्याचं उत्तर आलं, कपाटात, कुलपात. दुसऱ्याचं अजून यायचं आहे.

आजोबांचं दारूचं शिंग मात्र माझ्याकडे आहे. ठाण्यात बंदूक जमा केली तेव्हा ते माळ्यावर विसरलं होतं. भाच्याने फोटो मागितलाय. नातू रविवारी आला की काढून पाठवतो. आणि मुलाण्याच्या घरातलं कोणी कुठे आहे याची ज्यांना माहिती असेल, विशेषतः आमच्या गावाकडच्या मंडळींपैकी, त्यांनी मला जरूर कळवावं.